जावळाच्या फोटोतला डोळा

हनीफभाई, तुम्हाला एवढं चांगलं वागायला सांगितलं होतं कुणी?

मी रागातच लिहितेय, आधीच सांगून ठेवते. माणूस गेल्यावर गोड बोलायचं असतं म्हणतात. पण तुमच्याशी गोड बोलायची मला सवय नाही आणि आता नव्यानं लागायचीही नाही. तुम्ही गेलात त्याला आज अकरा दिवस झाले. आपल्या कडा गावच्या बाजारात जो भेटतो तो एकच बोलतो. भाजीवाली बोलली, एसटीचा कंडक्टर बोलला, आमच्या अंगणवाडीची मदतनीस तर दोनदा बोलली, "माणूस लई चांगला होता हो फोटोवाला, पण त्या एका लेकराचा डोळा त्याच्यामुळं गेला. तेवढाच डाग." ते लेकरू माझं आहे हे ज्यांना माहीत आहे, ते तर मुद्दाम माझ्या तोंडाकडं बघून बोलतात. मला बरं वाटावं म्हणून! आणि मी मान हलवते. अकरा दिवस मी नुसती मान हलवतेय.

फोटोतला तो डोळा पुसायला मी सांगितलं होतं. तुम्ही नको म्हणत होतात. हे तुम्हाला माहीत आणि मला माहीत, तिसऱ्या कुणाला नाही. माझ्या नवऱ्याला नाही. जिचा डोळा गेला त्या माझ्या ऋतूलाही नाही. बारा वर्षं तुम्ही ते पोटात ठेवलंत आणि तसंच घेऊन गेलात. लोक ह्याला मोठेपणा म्हणतील. मला आज त्याचा संताप येतोय.

ऋतू तेव्हा चौदा महिन्यांची होती. माझ्या भावाच्या मांडीवर बसवून तिचं जावळ काढलं, आणि त्या तुळतुळीत डोक्याच्या लेकराला नवं झबलं घालून मी तशीच तुमच्या स्टुडिओत आले. मागं धबधब्याचा पडदा, पुढं प्लॅस्टिकच्या फुलांची परडी. तुम्ही खुळखुळा वाजवलात, ती हसली, तुम्ही फोटो काढलात. मग कॉम्प्युटरवर बघितलात. परत काढलात. परत बघितलात. तिसऱ्यांदा काढल्यावर मला बोलावलंत. "ताई, इकडं ये जरा."

पडद्यावर माझ्या पोरीचा उजवा डोळा लाल दिसत होता आणि डावा पांढरा. बॅटरीच्या उजेडात मांजराचा चमकतो तसा.

"लाल येतोच," तुम्ही म्हणालात. "लाल मी रोज पुसतो. हे पांढरं मी कधी बघितलं न्हाई. तीनदा काढला, तीनदा तोच डोळा."

"तुमचं मशीन बिघडलंय."

"मशीन बिघडलं तर दोन्ही डोळे बिघडतील. एकच कावून? मला बरं वाटत न्हाई ताई. कुणाला तरी दाखव एकदा."

"तुमी फोटोवाले का डॉक्टर हो? पुसा ते. पुसून द्या."

असं बोलले मी. जसंच्या तसं. माझी जीभ तुम्हाला ठाऊकच होती, सगळ्या कड्याला ठाऊक आहे. पण त्या दिवशी जिभेमागं भीती होती. माझी एक मावशी एका डोळ्यानं अधू. मी सून म्हणून आले त्या दिवसापासून सासू म्हणायची, ह्यांच्या घराण्यात खोट आहे. वर मला झाली पोरगी. आता तिचा डोळा पांढरा दिसतोय असा फोटो मी घरी नेला असता, तर त्या बाईनं मला जेवू दिलं असतं का? डोळ्याला काही झालंय हे माझ्या मनात आलं नाही असं मी आज म्हणणार नाही. आलं होतं. आलं म्हणूनच मी पुसायला लावलं. आजार पोरीच्या डोळ्यात होता, आणि मला वाटलं, फोटोतनं काढला म्हणजे संपला.

आणि तुम्ही ते केलंत. का केलंत, ह्यावर मी बारा वर्षं तुम्हाला धारेवर धरलं. पण खरं सांगायचं तर तुमचा धंदाच तो होता. गावात कुणी गेलं की माणसं तुमच्याकडं यायची, अंथरुणावर काढलेला मोबाइलमधला फोटो घेऊन. तुम्ही त्या मेलेल्या माणसाचे मिटलेले डोळे उघडून द्यायचात. डोक्याला फेटा, अंगात कोट, मागं निळं आभाळ. हार घालायला फोटो तयार. डोळ्याचं काम तुमच्यासारखं आष्टी तालुक्यात कुणाला जमायचं नाही. गिऱ्हाईक म्हणेल तसा डोळा. मी म्हणलं, तुम्ही उजवा डोळा उचललात, फिरवलात आणि डाव्यावर ठेवलात. पाच मिनिटंही लागली नाहीत. माझ्या सासूनं तो फोटो बाहेरच्या खोलीत टांगला आणि आल्यागेल्याला दाखवायची, डोळे बघा लेकराचे, कसे टपोरे.

आठ महिने तो फोटो भिंतीवर होता आणि त्याच्या खाली माझी पोरगी खेळायची. हळूहळू तिचा डावा डोळा नाकाकडं वळायला लागला. शेजारची म्हातारी म्हणाली, चकणं लेकरू नशिबाचं असतं. मग डोळा लाल झाला. एका डॉक्टरनं थेंब दिले. महिनाभर घाला म्हणाला. महिन्यानं दुसरे थेंब दिले. एकदा, फक्त एकदा, त्या माणसानं बॅटरी घेऊन तिच्या डोळ्यात नीट बघितलं असतं! पण नाही. त्याच्या दारात पन्नास माणसं, आणि माझी पोरगी रडते म्हणून तो वैतागायचा. त्याच्यावर मी कधी ओरडले नाही बघा भाई. डॉक्टर होता ना तो. ओरडायला मला तुम्ही सापडलात.

मी अंगणवाडीची सेविका. गावातल्या प्रत्येक लेकराचं वजन करते, उंची मोजते, दंडाचा घेर मोजते. माझ्या रजिस्टरात रकान्यावर रकाने आहेत, डोळ्याचा एक नाही. पुढं एकदा मी मीटिंगमध्ये उठून विचारलंसुद्धा, लेकराच्या डोळ्यात बघायचं काम कुणाचं ते एकदा सांगा. मॅडम म्हणाल्या, तुमचा विषय वेगळा आहे, बसा. बसले. स्वतःच्या पोरीला दोन्ही हातांनी उचलून काट्यावर ठेवणारी मी, मला दिसलं नाही, मग त्या मॅडमला कुठल्या तोंडानं बोलू?

तुम्हाला मात्र दिसलं. मी कसल्याशा फॉर्मसाठी फोटो काढायला आले होते, ऋतू कडेवर. तुम्ही तिच्याकडं बघितलंत आणि हातातला कॅमेरा खाली ठेवलात. मागच्या सगळ्या फायली उपसून तो मूळचा फोटो काढलात, पांढऱ्या डोळ्याचा. तुम्ही तो जपून ठेवला होता. मोठा करून छापलात आणि म्हणालात, "ताई, आता पाया पडतो तुझ्या. हे घेऊन मोठ्या डॉक्टरकडं चल. मी येतो संगं."

नवरा आणि सासूही संगं निघाले. तिथल्या डोळ्याच्या डॉक्टरीणबाईंनी फोटो हातात घेतला आणि खुर्चीतनं उठल्याच. ऋतूच्या डोळ्यात थेंब टाकले, आत बघितलं, आणि परत फोटो बघितला. "हा कधीचा?"

"आठ महिने झाले," माझा नवरा म्हणाला.

"आठ महिने? आणि आज येताय? हा फोटो तेव्हा दाखवला असता तर कदाचित डोळा वाचवायचा प्रयत्न तरी करता आला असता. कुणी बघितलं नाही हे?"

माझ्या एका बाजूला नवरा, एका बाजूला सासू. सासूनं माझ्याकडं मान वळवली. आणि मी म्हणलं, "फोटोवाल्यानं पुसून दिला. आमाला काय म्हाईत?"

तुम्ही दारात उभे होतात. मी तुमच्याकडं बघितलं नाही, पण आवाज ऐकला. "हौ बाईसाहेब. मीच पुसला."

माझ्या नवऱ्यानं तुमची कॉलर धरली. तरी तुम्ही माझं नाव घेतलं नाहीत. तिथनंच ती गोष्ट निघाली आणि आम्ही कड्याला पोचायच्या आत गावात फिरली.

डोळ्याचा कॅन्सर. लहान लेकरांना होतो. मुंबईला न्या, तिथं ह्याचे वेगळे डॉक्टर आहेत, लगेच न्या. असं त्या बाई म्हणाल्या. मुंबई म्हणजे आमच्या लेखी दुसरा देश. माझ्या नवऱ्याला, ज्ञानोबाला, ट्रॅक्टर कुठनंही काढता येतो, पण हॉस्पिटलच्या खिडकीवर त्याचं तोंड उघडत नाही. तुमची मेहुणी तिकडं राहायची, तुम्हीच आम्हाला घेऊन निघालात. ज्या माणसाची कॉलर धरली त्याच्याच मेहुणीच्या घरी आम्ही उतरलो, तिच्या हातचं जेवलो. ज्ञानोबाला त्यात काही वाटलं नाही. मला वाटलं, तरी मी खाल्लं.

तिथं त्या हॉस्पिटलात बसल्यावर माझा राग आणखी पेटला. कुठनं कुठनं लेकरं आलेली. आमच्यासारखीच, लांबची, उशिरा आलेली. कुणाचा एक डोळा पट्टीखाली, कुणाचे केस गेलेले. आणि प्रत्येक आई तेच सांगणार, आधी थेंब दिले, आधी चष्म्याचं म्हणाले, आधी मांत्रिकाकडं नेलं. शहरातली एक बाई होती, तिच्या पोराचं चार आठवड्यांत कळलं होतं आणि डोळा वाचणार होता. चार आठवडे! आमचे आठ महिने गेले. तो डोळा काय बीडचा होता म्हणून कमी नाजूक होता?

तपासायला भूल द्यायची, म्हणून सकाळपासून पोटात पाण्याचा थेंब नाही. ऋतू "पाणी, पाणी" करून माझा पदर ओढायची आणि मला तिच्याकडं बघवायचं नाही. तुम्ही तिला खांद्यावर घेऊन लिफ्टच्या दारापुढं उभे राहायचात. दार उघडलं की "आलं!", मिटलं की "गेलं!" दोन-दोन तास. पाय दुखले म्हणालात कधी? नाही. तेही पोटातच.

मग डॉक्टर बोलल्या. डावा डोळा पूर्ण भरलाय, तो काढावा लागेल. तिथनं ते मेंदूकडं गेलं तर पोरगी हाती लागायची नाही. उजव्या डोळ्यात पण एक बारीक गाठ आहे, पण ती लहान आहे. औषधं देऊ, लेझर करू, तो वाचेल. फोटोतला तो लाल डोळा, तुम्ही उचलून दुसऱ्यावर ठेवलेला, त्यातही पुढं आजार निघाला. लाल रंग म्हणजे उजेड डोळ्याच्या तळापर्यंत पोचतोय. पांढरा म्हणजे मध्ये काहीतरी बसलंय. हे त्यांनी आम्हा दोघांना कागदावर चित्र काढून सांगितलं. तुम्ही तो कागद मागून घेतलात.

ज्ञानोबानं घरी फोन लावला. गावाकडं सगळे जमले आणि निर्णय झाला. बघा भाई, लेकरू मुंबईत, डॉक्टर मुंबईत, निर्णय आमच्या ओसरीवर! तो परत आला आणि म्हणाला, "चला. डोळा काढायचा न्हाई. पोरीची जात हाय. एका डोळ्याची पोरगी करणार कोण?"

मी भिंतीला धरून उभी होते. इतर वेळी सगळ्या गावाला पुरून उरणारी मी! तुम्ही पुढं झालात. ज्या माणसानं तुमच्यावर हात टाकला होता त्याच्यासमोर जाऊन उभे राहिलात आणि म्हणालात, "दाजी, मी मेलेल्या माणसांचे डोळे उघडून देतो. लई झाक करतो ते काम. पण तुझ्या पोरीचा तसला फोटो मला करायला लावू नको बाबा. हात जोडतो."

ज्ञानोबा तिथंच खाली बसला. मग त्यानं सही केली.

ऑपरेशन चालू असताना मी तुम्हाला म्हणलं होतं, भाई, मी तिथं खोटं बोलले. तुम्ही चहाचा कप माझ्या हातात दिलात. "म्हाईत हाय. तुझ्या सासूनं त्या दारातनंच तुला माहेरी धाडलं असतं. मग ह्या पोरीला धरून इथं बसलं कोण असतं? तुझा नवरा? त्यो एक दिवस टिकला नसता. पोरीचं सगळं नीट होऊ दे. मग तूच सांग."

मग तूच सांग. ते तुम्ही माझ्यावर सोडलंत. आणि तिथंच तुमचं चुकलं, हनीफभाई! माझ्यासारखीवर असलं काही सोडायचं असतं का?

सगळं नीट झालं. दर तीन आठवड्यांनी मुंबई, हातात सुया, तोंड आलेलं, केस परत गेलेले. दुसऱ्यांदा जावळ झालं म्हणून तुम्ही तिला चिडवायचात. उजवा डोळा वाचला. डाव्या खोबणीत बसवायचा डोळा तयार करायची वेळ आली तेव्हा तुम्ही तिला खिडकीच्या उजेडात बसवून उजव्याचे फोटो काढलेत आणि रंगात एक-एक छटेचा फरक करून पाच कागद छापलेत. बुबुळाच्या कडेला तिचा रंग जरा हिरवट आहे, हे तोवर मला आईला माहीत नव्हतं. तिथल्या कारागिरानं त्यातला तिसरा कागद उचलला. आजही लोकांना पटकन कळत नाही कुठला खरा ते.

म्हणजे सांगायची वेळ आली होती. मी सांगितलं नाही. उलट लोकांसमोर तुम्हाला बोलायची मला चटक लागली. सासू देवाघरी गेली तरी बोलत राहिले. बाजारात चार बाया असल्या की मी म्हणायची, "ह्याच माणसाच्या हातानं गेलं बघा माझ्या लेकीचं." तुम्ही मान खाली घालून कॅमेऱ्याची काच पुसत बसायचात. एकदा गिऱ्हाईक गेल्यावर, मी एकटीच असताना, परत सुरू झाले. तेव्हा तुम्ही पहिल्यांदा माझ्याकडं सरळ बघितलंत. "ताई, माणसं असली की बोल. पण आपण दोघंच असताना तरी नको. तुला ते खरंच वाटायला लागलंय."

त्या दिवशी मी घरी येऊन भांडी आपटली. महिनाभर तुमच्याकडं आले नाही. खरं बोललात म्हणून.

तुम्ही मात्र त्यानंतर एकाही लेकराचा फोटो न बघता पुसला नाही. दुकानात येणाऱ्या प्रत्येक लेकराचा डोळा आधी मोठा करून बघायचात, लाल आला की म्हणायचात, "माशाल्ला, तब्येतीचा डोळा." मला मोबाइलवर शिकवलंत, लाल पुसायची सोय बंद कर, खोलीत जरा अंधार कर, मग काढ. मी अंगणवाडीत करते ते, कुणी सांगितलं नसताना. ऊसतोडीला निघालेल्या त्या जोडप्याच्या बाळाचा पांढरा डोळा तुम्हीच पकडलात. कसल्याशा कार्डासाठी फोटो काढला होता, आणि दुसऱ्या दिवशी ते कारखान्याकडं निघणार होते. तुम्ही दुकान उघडं टाकून त्यांच्या ट्रॅक्टरपुढं आडवे उभे राहिलात. मुकादमानं शिव्या घातल्या. पण बाळाची आई खाली उतरली. त्या बाळाचे दोन्ही डोळे आज शाबूत आहेत. आणि ते लोक नवस फेडायला गेले नारायणगडावर! देवाला नारळ, देवाला पेढे. तुम्हाला बोटभर साखर नाही. मी चिडले तर हसत होतात. "नारायणाला तरी कुणी विचारू दे ना ताई."

आता ह्या बाळाचं कुणी बोलत नाही. अकरा दिवसांत एकानंही नाही. लोकांच्या ध्यानात राहिला तो माझ्या पोरीचा डोळा, कारण तो मी बारा वर्षं रोज त्यांच्या कानावर घातला.

काल मी ऋतूला घेऊन तुमच्या घरी गेले. मुद्दाम घेऊन गेले, म्हणजे मला परत फिरता येणार नाही. जमिलाभाभी इद्दतीत बसल्यात, नवऱ्यामागचा दुखवटा पाळत, आतल्या खोलीत, पांढऱ्या ओढणीत. ऋतूला जवळ घेऊन रडल्या. मी उभ्या उभ्याच सांगितलं. पुसायला मी सांगितलं होतं, भाई नको म्हणत होते. डॉक्टरपुढं मी खोटं बोलले, भाईंनी अंगावर घेतलं.

भाभींनी ऋतूच्या पाठीवरचा हात काढला. मला वाटलं, ह्यांना तरी माहीत असेल. नवरा बायकोला सांगतो की.

"मला बी न्हाई बोलले ते," भाभी म्हणाल्या. "कधीच न्हाई." मग म्हणाल्या, "दर ईदला मी त्यांना टोचायचे. नमाजेला चाललात, पर त्या लेकराचा जवाब अल्लाला काय देणार? ते शीरखुर्म्याची वाटी तशीच ठेवून निघून जायचे. दर ईदला, मंगल. आता मी त्यांची माफी कुठं मागू, सांग ना. तूच सांग."

मी ऋतूचा हात धरला.

"तू जा आता," त्या म्हणाल्या. "पुन्हा ये पाहिजे तर. पर आज जा."

बघा. माफ करायला सुद्धा तुम्ही मागं कुणाला ठेवलं नाहीत. घरात पण शिव्या खाल्ल्यात, घराबाहेर पण खाल्ल्यात. एकदा तरी उलट बोलायचं होतं! एकदा म्हणायचं होतं भर बाजारात, ए बाई, तूच आली होतीस माझ्याकडं! मी तिथल्या तिथं मेले असते, पण ही बारा वर्षं तरी खरी गेली असती. तुमचे उपकार आहेत, हो, आहेत. पोरगी जिवंत आहे ती तुमच्यामुळं, हे मी आज पहिल्यांदा लिहितेय. पण राग पण आहे. दोन्ही एकाच जागी बसलंय, वेगळं काढता येईना.

आम्ही जीपनं परत आलो. घरी आल्यावर ऋतूनं दप्तर काढलं, परत ठेवलं. मग माझ्यासमोर येऊन बसली.

"हनीफमामानं सांगितलं असतं तर काय झालं असतं?"

"आजीनं मला माहेरी धाडलं असतं. तुला मुंबईला कुणी नेलं नसतं."

"मग माझं सगळं झाल्यावर कावून न्हाई सांगितलं?"

"तवर लोकांना सवय झाली होती, ऋतू."

"लोकांना का तुला?"

चौदा वर्षांची पोरगी. जीभ माझीच आहे, दुसरं काय. मी म्हणलं, मला. त्यो ऐकून घ्यायचा म्हणून मी बोलायची.

ती उठली. "पप्पांना तू सांगतीस का मी सांगू?"

"मी सांगते. आधी हनीफमामाला लिहू दे."

"त्याला कशाला लिहितीस? त्याला म्हाईतच हाय."

खरंय तिचं. पण तरी लिहायला बसले. बाहेर अंगणात ज्ञानोबा ट्रॉलीच्या चाकाला ग्रीस लावतोय. गाळपाचा हंगाम जवळ आलाय, त्याला घाई आहे. मी सांगितल्यावर तो काय करील मला माहीत नाही. त्या दिवशी तुमची कॉलर धरलेला हात त्याचाच आहे, आणि हे त्याला कळल्यावर त्याचं काय होईल, हेही मला माहीत नाही. सांगून झालं की बाजार आहेच, भाजीवाली आहे, कंडक्टर आहे. एकेकाला गाठून सांगायचं म्हणजे मला वर्ष लागेल.

ऋतू दारात येऊन उभी राहिलीये.

"झालं का लिहून?"

झालं म्हणलं.

"मग ऊठ."